जमिनीत फक्त खळगे उरलेले असताना घराचा आकार आणि वय कसे ठरवतात?

घोडकाठ (मूळ प्रश्न)

आमचे गाव शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. इनामगावही फार लांब नाही. गावाजवळ एक जुनी पांढरी, म्हणजे ओस पडलेल्या वस्तीचे मातीचे टेकाड, आहे. लहानपणी उन्हाळ्यात तिथली राखट माती बैलगाड्यांनी वाहून शेतात टाकत, कारण ती खतासारखी लागू पडते असा सर्वांचा अनुभव होता. त्या मातीत खापरे, शंखाचे तुकडे, क्वचित एखादा मणी निघे आणि आम्ही मुले ते खिशात भरून घरी आणत असू. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला केलेल्या उत्खननाविषयी अलीकडे थोडे वाचले, तेव्हापासून काही शंका मनात आहेत.

तिथे ताम्रपाषाणयुगातली शंभरावर घरे उघडकीस आली असे सर्वत्र लिहिलेले असते. काही आयताकृती, काही गोल, काही जमिनीत खड्डा करून वर छप्पर घातलेली, आणि एक तर पाच खोल्यांचे. त्यांचे काळही त्या त्या संस्कृतीच्या नावाने ठरलेले आहेत: माळवा काळ इ.स.पू. १६०० ते १४००, पूर्व जोर्वे १४०० ते १०००, उत्तर जोर्वे १००० ते ७००. पण आमच्या आजोबांचे कुडाचे घर पडल्यावर चार पावसाळ्यांत तिथे केवळ एक उंचवटा उरला होता. मग तीन हजार वर्षांनी भिंत आयताकृती होती की गोल, हे कोण कशावरून सांगते?

दुसरे असे की, माणूस आधी गोल झोपडीत राहिला आणि सुधारल्यावर चौकोनी घरात गेला, अशी माझी समजूत होती. इथे तर पूर्व काळात आयताकृती आणि उत्तर काळात गोल, असा उलटा क्रम दिसतो. आकारावरून काळ ठरवतात की काळावरून आकाराचा अर्थ लावतात? आणि खापरांवरून घराचा काळ, घरांवरून खापरांचा काळ, असे हे एकमेकांच्या खांद्यावर उभे राहणे तर नाही ना? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

खणती

दख्खनमधल्या काही उत्खननांत मी अनेक हंगाम काम केले आहे, त्या अनुभवावर लिहितो. उत्खननात घर सापडले असे म्हणतात तेव्हा बहुधा घराची जमीन सापडलेली असते. भिंत पडते, छप्पर कुजते, चांगले लाकूड लोक काढून नेतात. मात्र चोपून, सारवून, वर्षानुवर्षे पायांखाली घट्ट झालेली जमीन सहसा मातीत टिकून राहते. खड्ड्याच्या उभ्या छेदात ती एका पातळ, सलग रेषेसारखी दिसते. नीट पाहिले तर त्या एका रेषेत सारवणाचे अनेक पापुद्रे असतात, कारण जमीन उखणली की पुन्हा चोपणे हे त्या घरातल्या माणसांनाही चुकलेले नव्हते.

आकार कळतो तो या जमिनीच्या कडांवरून आणि खांबांच्या खळग्यांवरून. मेढ जमिनीत पुरलेली असते. ती कुजली की तिच्या जागी वरची भुसभुशीत, बहुधा अधिक काळपट माती उतरते. आसपासची जमीन खुरपीने साफ तासून त्यावर हलके पाणी शिंपडले की घट्ट मातीत त्या काळपट वर्तुळांचा रंग उठून दिसतो. अर्थात दिसलेले प्रत्येक वर्तुळ खांबाचे नसते. म्हणून खळगा अर्धाच खणून त्याचा छेद पाहतात: खांबाचा खळगा सरळ खाली जाऊन बुडाशी सपाट किंवा निमुळता होतो, तर उंदराचे बीळ वळत, तिरके होत, भलतीकडेच निघते. नवखी मुले पहिल्या हंगामात उंदरांची बरीच घरे बांधतात, असे आमच्याकडे गमतीने म्हणत.

खळगे सरळ ओळीत असतील, ती ओळ काटकोनात वळत असेल आणि त्याच ओळीपाशी चोपलेली जमीन संपत असेल, तर घर आयताकृती. खळगे वर्तुळात असतील आणि जमिनीची कडही गोल असेल, तर गोल झोपडी. भिंत कशाची होती ते पडलेल्या मातीच्या ढेकळांवरून कळते. घराला आग लागली असेल तर राहणाऱ्यांचे दुर्दैव हे आमचे भाग्य ठरते, कारण कुडाला लिंपलेली माती भाजून पक्की होते आणि आतल्या बोरू-बांबूंचे ठसे जसेच्या तसे राहतात. इनामगावला बुटकी मातीची भिंत आणि वर कुड अशी बांधणी होती, हा निष्कर्ष अशाच अवशेषांवर उभा आहे.

वर्गीकरण केवळ आराखड्यावरून होत नाही. जमीन भोवतालच्या पातळीवर आहे की तिच्याखाली, बांधणी कशाची, आत काय काय होते, आणि हे घर दुसऱ्या घरांच्या संदर्भात कुठे उभे होते, हे सगळे एकत्र पाहावे लागते. चूल असेल, कणगी ठेवण्याचा गोल ओटा असेल, रांजणाच्या चार पायांखाली बसवलेले चार चपटे दगड असतील, तर ती राहती जागा समजायची. चूल नाही, वापराची खापरे फारशी नाहीत, पण पेवे आणि ओटे दाटीने आहेत, असे असेल तर धान्य साठवण्याची जागा मानणे अधिक योग्य. इनामगावच्या पाच खोल्यांच्या घराशेजारी असेच कोठार ओळखले गेले आहे.

आता काळाविषयी. पहिला प्रश्न नेहमी क्रमाचा असतो, वर्षांचा नंतर. एखादा खड्डा जमिनीला भेदून खाली गेला असेल तर तो त्या जमिनीनंतरचा, हे उघड आहे. खरी कसोटी असते ती खड्ड्याचे तोंड कोणत्या थरावर उघडते हे शोधण्याची. खड्ड्याच्या बुडाशी माळवा काळाची माती असली म्हणून खड्डा माळवा काळाचा होत नाही. इनामगावला लहान मुलांना राखाडी रंगाच्या दोन कुंभांत, ते तोंडाला तोंड लावून आडवे ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरलेले आढळते. अशा दफनाचा खड्डा ज्या जमिनीतून खणला गेला ती त्याच्याआधीची आणि जी जमीन त्याच्यावरून अखंड गेली ती त्याच्यानंतरची. त्यामुळे ते दफन दोन जमिनींच्या मधला क्षण नेमका पकडून ठेवते. जमिनीच्या आतील भरावात, जमिनीवर आणि जमिनीच्या वर पडलेल्या ढिगात सापडलेल्या वस्तू म्हणूनच वेगवेगळ्या पिशव्यांत जातात. भरावातली खापरे घर बांधण्याआधीची असतात, जमिनीवर चेपली गेलेली खापरे वापराच्या काळातली, आणि वरच्या ढिगातली घर सोडल्यानंतरची. या तिन्हींची सरमिसळ झाली की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

भरावातली सर्वांत अलीकडची वस्तू घर तिच्याआधीचे नाही एवढेच सांगते, किती नंतरचे ते सांगत नाही, हे नवख्यांना पटायला वेळ लागतो. इमारतीच्या पायात १९७० चे नाणे निघाले तर ती १९७० नंतरची, किती नंतरची ते नाणे सांगत नाही; आणि १९२० चे नाणे निघाले एवढ्यावरून ती १९२० ची मुळीच ठरत नाही. आपल्याकडे यात काळ्या जमिनीची आणखी एक खोडी असते. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते आणि वरचे कोळशाचे कण, लहान खापऱ्या, मणी त्या भेगांतून खाली उतरतात. पाऊस पडला की भेग मिटते आणि पुरावा खोटे बोलू लागतो.

आकारावरून काळ ठरतो का, याचे माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. नर्मदाकाठच्या नावडातोलीला गोल आणि आयताकृती दोन्ही घरे एकाच संस्कृतीत होती. इनामगावलाही माळवा काळात मोठ्या आयताकृती घरांबरोबर खड्ड्यातली घरे आहेत. आकार हे वर्णन आहे. त्याला घड्याळ समजू नये.

कोळशाचा कण

वरील उत्तरात वर्षांचा भाग राहिला आहे, तो पुरा करतो. माझा संबंध खणण्याशी कमी आणि प्रयोगशाळेशी अधिक आला.

सजीव मेला की त्याच्यातला कार्बन १४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो, हे तत्त्व सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की प्रयोगशाळा घराचे वय मोजतच नाही, ती नमुन्यातल्या वनस्पतीचे वय मोजते. खांबाचा कोळसा दिला तर उत्तर येते ते त्या लाकडातली वलये वाढली तेव्हाचे. जाड खोडाच्या गाभ्यातली वलये झाड तोडण्याच्या कितीतरी आधीची असू शकतात. शिवाय पडलेल्या घराचे चांगले वासे आणि मेढी नव्या घराला लावण्याची रीत आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हाच्या माणसाने चांगले लाकूड फेकून दिले असेल असे मानायला आधार नाही. यामुळे घर आहे त्यापेक्षा शे-दीडशे वर्षांनी जुने ठरू शकते. चुलीतले किंवा कणगीच्या बुडातले जळके जवाचे दाणे म्हणून खांबापेक्षा कितीतरी मोलाचे असतात: दाणा एका हंगामाचा असतो आणि तो जळला त्याच सुमारास घर वापरात होते.

इनामगावचे उत्खनन चालू होते त्या काळातल्या प्रचलित पद्धतीला काही ग्रॅम कोळसा लागत असे, त्यामुळे सुटा दाणा मोजणे शक्यच नव्हते. आता त्वरकयंत्राच्या साहाय्याने थेट कार्बन १४ चे अणू मोजतात आणि काही मिलिग्रॅम पुरतात. दुसरी गोष्ट अशी की वातावरणातले कार्बन १४ चे प्रमाण सदासर्वकाळ सारखे नव्हते, म्हणून मिळालेला आकडा वृक्षवलयांच्या आधारे तयार केलेल्या आलेखावर बसवावा लागतो. याला अंशशोधन म्हणतात. समजा एखाद्या दाण्याचे उत्तर १९५० च्या मागे ३००० वर्षे, अधिक-उणे ५० असे आले, तर त्याचा अर्थ इ.स.पू. १०५० असा होत नाही. आलेखावर बसवल्यावर इ.स.पू. चौदाव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतचा रुंद पट्टा मिळतो, म्हणजे जवळजवळ सगळा पूर्व जोर्वे काळ.

उत्तर जोर्वेच्या अखेरीची अडचण याहून मोठी आहे. इ.स.पू. सुमारे ८०० ते ४०० या काळात हा आलेख जवळपास सपाट होतो, त्यामुळे त्या चार शतकांतले नमुने प्रयोगशाळेला बहुतांशी सारखेच भासतात. इनामगाव इ.स.पू. ७०० च्या सुमारास ओस पडले हे विधान वाचताना एवढे ध्यानात असावे. यातून वाट काढण्यासाठी आता एकावर एक आलेल्या जमिनींचा क्रम गणितात घालतात. खालच्या जमिनीवरचा दाणा वरच्या जमिनीवरच्या दाण्यापेक्षा जुना असलाच पाहिजे, ही एकच अट घातली तरी दोन्हींचे पट्टे लक्षणीय आक्रसतात. म्हणजे छेद नीट वाचलेला नसेल तर प्रयोगशाळेचे यंत्रही फारसे उपयोगी पडत नाही.

कोळसा नसेल तेव्हा उष्मादीप्ती उपयोगी पडते. भाजलेली माती शेवटची केव्हा तापली हे ती सांगते. खापर भट्टीत भाजले ती वेळ, किंवा चुलीच्या काठाची माती शेवटची तापली ती वेळ. तीत पाच ते दहा टक्क्यांची चूक सहज राहते, म्हणजे ३००० वर्षांमागे दीडशे ते तीनशे वर्षे.

घोडकाठ

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. दाणा आणि खांब यांतला फरक माझ्या कधी लक्षात आला नव्हता. पण खापरे आणि घरे एकमेकांच्या आधाराने काळ ठरवतात या शंकेचे निरसन अजून झालेले नाही. आणि आयताकृतीकडून गोलाकडे जाण्याचे कारणही कळलेले नाही.

खणती

खापरांचा क्रम एका गावातल्या घरांवर अवलंबून नाही, म्हणून ते चक्र तुटते. प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०–५१ मध्ये उत्खनन झाले आणि तिथे मिळालेल्या, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने नक्षी काढलेल्या, नीट भाजलेल्या खणखणीत भांड्यांवरून त्या संस्कृतीला नाव मिळाले. पुढे नेवासा आणि इतरत्र तीच भांडी त्याच क्रमात येत गेली. दायमाबादला तर जोर्वे थराखाली माळवा, त्याखाली दायमाबाद संस्कृती, त्याखाली उत्तर हडप्पा आणि सर्वांत खाली सावळदा असा क्रम एकाच टेकाडात मिळाला. क्रम थरांनी दिला, वर्षे कार्बनने दिली, आणि मग ती खापरे नव्या ठिकाणी मोजपट्टीसारखी वापरता आली. तोटीची, खांद्याशी कोन असलेली भांडी ओळखायला आता दोन मिनिटे लागतात.

तुमची भीती मात्र अगदीच निराधार नाही. एखाद्या गोल झोपडीत एकही ओळखण्याजोगे खापर नसताना, केवळ ती गोल आहे म्हणून तिला उत्तर जोर्वे काळात टाकले आणि नंतर उत्तर जोर्वे काळात गोल झोपड्या वाढल्या असा निष्कर्ष काढला, तर ते निखळ चक्र झाले. चांगला अहवाल अशा घरांना काळ न देता वेगळे ठेवतो.

माळवद

मी वास्तुरचनाकार आहे आणि दुष्काळी भागातल्या मातीच्या घरांचा अभ्यास करतो, त्यामुळे गोलाच्या प्रश्नात पडतो.

गोल घर मागासलेले आणि चौकोनी घर सुधारलेले, ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी. गोल झोपडी थोड्या सामग्रीत होते, तिला मजबूत कोपरे लागत नाहीत, वारा तिच्यावरून सरकून जातो आणि ती दोन-चार दिवसांत उभी राहते. तिची अडचण अशी की ती वाढवता येत नाही. आयताकृती घराला शेजारी खोली जोडता येते, मध्ये आडभिंत घालता येते, ओळीने घरे मांडून मध्ये बोळ ठेवता येतो. इनामगावला पूर्व जोर्वे काळात अशाच ओळी दिसतात. त्यामुळे घराच्या आकारातून कुटुंब किती, ते किती काळ एका जागी राहणार आहे आणि साठवण किती आहे, याचा अंदाज करता येतो. बुद्धीचा करता येत नाही.

इनामगावचे उत्खनक म. के. ढवळीकर यांनी या बदलाचे कारण हवामानात शोधले. इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, नदीच्या पाण्यावरची शेती अडचणीत आली, लोक अधिकाधिक पशुपालनाकडे आणि शिकारीकडे वळले, आणि मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्यांचे पुंजके आले, अशी त्यांची मांडणी. एका अंगणाभोवतीच्या तीन-चार झोपड्या मिळून एक कुटुंब, एक निजण्याची, एक स्वयंपाकाची, एक साठवणीची, असाही अर्थ लावला गेला. त्यासाठी त्याच परिसरातल्या पारधी समाजाच्या झोपड्यांशी तुलना झाली. या पद्धतीला लोकजीवनाधारित पुरातत्त्व म्हणतात आणि डेक्कन कॉलेजमध्ये तिची चांगली परंपरा आहे.

मला ही तुलना बांधणीपुरती पटते. पडलेली गोल झोपडी दहा वर्षांनी कशी दिसते, चुलीची राख कुठे साचते, दारासमोरची जमीन कशी घट्ट होते, हे आजच्या झोपडीवरून निश्चित शिकता येते. पण पारध्यांच्या आजच्या वस्तीमागे शतकांची हकालपट्टी आणि वसाहतकाळातल्या गुन्हेगार जमातीच्या कायद्याचा छळ आहे. तिच्यावरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याची समाजरचना वाचणे मला धाडसाचे वाटते. शिवाय उत्तर जोर्वे काळात वस्ती वर्षभर तिथेच असे की काही महिन्यांपुरती, हा प्रश्नही अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. तसे असेल तर लहान घराचे कारण दारिद्र्य नसून ये-जा असू शकते.

पाच खोल्यांच्या घराला नायकाचे घर म्हणतात, त्याबद्दलही माझी हीच तक्रार आहे. पाच खोल्या हे निरीक्षण आहे. नायक हा तर्क आहे. दोन्ही एकाच वाक्यात आले की वाचक दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो.

खणती

शेवटच्या मुद्द्यावर थोडा मतभेद नोंदवतो. तो तर्क नुसत्या खोल्यांवर बेतलेला नाही. घर वस्तीच्या मध्यभागी आहे, लगत कोठार आहे, आणि त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या माणसाचे दफन मिळाले, जे इतर प्रौढांच्या उताण्या दफनांपेक्षा अगदी निराळे आहे. कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती, हेही त्यात धरा. एवढे सगळे एका ठिकाणी जुळत असेल तर त्या घराचे स्थान विशेष होते इतके तरी म्हणावे लागेल. त्याला नायक म्हणावे, गावप्रमुख म्हणावे की कोठारप्रमुख, यावर वाद होऊ द्यावा.

माळवद

दफनाचा मुद्दा मान्य. विशेष घर म्हणायला माझी हरकत नाही.

घोडकाठ

आज सकाळी पांढरीवर जाऊन आलो. कोणीतरी यंत्राने माती उचलल्यामुळे एका बाजूला साधारण पुरुषभर उंचीची उभी कड उघडी पडली आहे. तुमचे लिखाण वाचले नसते तर मला तिथे नुसती माती दिसली असती. आता मात्र तीन फिकट आडव्या रेषा स्पष्ट दिसल्या. मधल्या आणि खालच्या रेषेला छेदून राखेने भरलेला एक खड्डा उतरला आहे, आणि त्याच्या बुडाजवळ बोरूचे ठसे असलेले भाजक्या मातीचे ढेकूळ अडकले आहे. ते काढून घ्यावे का?

खणती

कृपा करून काढू नका. ते जागेवर आहे तोवर पुरावा आहे, हातात आले की नुसते ढेकूळ. कडेला मोजपट्टी उभी धरून समोरून आणि थोड्या अंतरावरून छायाचित्रे घ्या, कड खरवडू नका किंवा धुऊ नका, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला तसेच डेक्कन कॉलेजला जागेसह कळवा. पाऊस तोंडावर आहे, कड फार दिवस टिकणार नाही. यंत्राने खाली पडलेल्या मातीतली खापरे उचलली तरी चालतील, पण ती कुठल्या थरातली हे आता सांगता येणार नाही, असे पिशवीवर लिहून ठेवा. आणि एक नक्की पाहा: वरची रेषा त्या खड्ड्यावरून अखंड जाते, की तिथे तुटलेली आहे?

घोडकाठ

संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहिले. अखंड जाते. खड्ड्याचे तोंड मधल्या रेषेवरच उघडते आणि वरची जमीन त्याच्यावरून चोपलेली आहे. छायाचित्रे काढली आहेत, दोन्हीकडे उद्या पाठवतो.